पालकाच्या रकान्यातलं विद्यापीठ

तुमच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून कोणाचं नाव आहे? आठवून सांगू नका. कपाटातली फाइल काढा आणि बघून सांगा. बहुतेकांचं वडिलांचं निघेल, कोणाचं आईचं, कोणाचं मामाचं. माझ्या ओळखीत एकच बाई अशा होत्या की त्यांच्या दाखल्यावर त्या जागी एका संस्थेचं नाव होतं. ती संस्था पुढे दुसरीत मिसळली, मग त्या दोन्ही तिसरीत, आणि असं करत करत शेवटी तिचं विद्यापीठ झालं. दर वेळी बाईंनी रीतसर अर्ज करून दाखल्यावरचं पालकाचं नाव बदलून घेतलं. दाखल्यांचं काम त्यांच्याकडेच असल्यामुळे अर्ज करणाऱ्या त्याच, तपासणाऱ्या त्याच, वरची सही तेवढी प्राचार्यांची, न वाचता केलेली. असे पाच दाखले त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते.

मी विचारलं होतं, या वयात कोण मागणार आहे तुमचा दाखला?

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "पण बापानं नाव बदललं तर लेकीला माहीत नको?"

त्या चेष्टा करत होत्या की नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही. बाईंच्या बाबतीत मला ज्या गोष्टी कळलेल्या नाहीत त्यातली ही सगळ्यात लहान.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी विक्रोळीची. आजोबा मालवणाकडून गिरणीत आले, गिरणी सुटल्यावर इथल्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत युनियनची पत्रकं लिहीत राहिले. आमच्या खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं लावायला शिकले ती त्यांच्यावर. मी स्वतःहून वाचलेला पहिला जोडाक्षराचा शब्द 'धिक्कार'. जगात एक आपली बाजू असते आणि एक त्यांची, आणि शहाण्या माणसाला पत्रकाच्या दोन ओळी वाचल्यावर कळतं की आपण कुठे उभं राहायचं, हे मी शाळेआधी शिकले होते. बाई भेटेपर्यंत त्यात अडचण आली नव्हती.

विद्यापीठ व्हायच्या आधी त्या एकत्रित संस्थेनं मला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं. काम असं की उद्घाटनाला एक पुस्तिका निघणार, तिच्यात संस्थेचा इतिहास लिहायचा. मिशनच्या चार जुन्या संस्था घाटकोपर, मुलुंड, अंधेरी आणि बोरिवलीला होत्या, त्यांचं आता एक ख्रिस्ती विद्यापीठ होणार होतं. जुने कागद घाटकोपरच्या रेकॉर्ड रूममध्ये होते आणि तिथे बाई होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. अध्यापिका विद्यालयातून निवृत्त होऊन जमाना झाला होता, तरी रोज साडेनऊला यायच्या. पगार नाही, नेमणूक नाही. किल्ली मात्र त्यांच्याकडे.

पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोणाकडची?"

म्हणजे चारपैकी कुठल्या कॉलेजची. मी म्हटलं, कोणाकडचीच नाही, काँट्रॅक्टवर आहे.

"म्हणजे अनाथ," त्या म्हणाल्या. "बस."

मला राग आला. त्या शब्दावर त्यांचा किती हक्क होता ते मला पुढे कळायचं होतं.

इतिहास विचारला की बाई सनावळी सांगत नसत. त्या घरातली भांडणं सांगावीत तसं सांगत. घाटकोपरचं मुलींचं अनाथगृह आणि त्याची शाळा, ही थोरली. दोन मिशनरी बायकांनी सुरू केलेली. त्याच गल्लीत पुढे अध्यापिका विद्यालय निघालं. दोघींच्या मध्ये एक भिंत होती, ती पाडली आणि त्या एक झाल्या. "त्याला लग्न नाही म्हणायचं, बहिणी होत्या." मुलुंडची बायबल शाळा विद्यार्थी कमी झाल्यावर आपली इमारत सोडून इथे राहायला आली, म्हणून ती घरजावई. बोरिवलीची नर्सिंगची शाळा धाकटी; बोलत नाही, काम करते, आणि घरात कोणी आजारी पडलं की सगळ्यांना तिची आठवण होते. अंधेरीचं कॉमर्स कॉलेज ही सून.

"आली तेव्हा साधी होती गं," बाई सांगायच्या. "संध्याकाळचे वर्ग, नोकरी करणारी मुलं, दोन खोल्या. आता बघ, किल्ल्या तिच्या कमरेला आहेत आणि आपण विचारून चहा करायचा."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि अंधेरीला विलीनीकरणाच्या समन्वयकांना दाखवलं. ते मूळचे कॉमर्सचे प्राध्यापक, पन्नाशीचे, गोड बोलणारे. त्यांनी ते पूर्ण वाचलं, हसले, आणि म्हणाले की डिअर, मस्त आहे, पण यातलं एक वाक्यही छापता येणार नाही.

सोमवारी सकाळी घाटकोपरच्या हॉलमध्ये सगळ्यांची एकत्र उपासना असे. संस्था वेगवेगळ्या मिशनच्या, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी घाटकोपरची माणसं बसून राहत, मुलुंडची गुडघे टेकत, अंधेरीची उभी राहत. बोरिवलीच्या नर्सेस उशिरा येत आणि दाराशी उभ्या राहत. त्यांचं ते श्रद्धेनं की जागा नसल्यानं, ते कोणी विचारलं नाही. एकीकरणाच्या समितीनं दोन बैठका यावर घालवल्या आणि ज्याला जसं सोयीचं तसं करावं असा ठराव केला. बाई तिन्ही करत. आधी बसत, मग पुढच्या बाकाला धरून उभ्या राहत, मग हळूहळू गुडघ्यांवर येत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दर सोमवारी. तोपर्यंत प्रार्थना संपलेली असे आणि लोक पंखे बंद करत असत. बाई अजून गुडघ्यांवरच.

माझ्यासारख्या पत्रकावर वाढलेल्या मुलीला हे बघवत नसे. मी एकदा म्हटलं, बाई, एक काहीतरी ठरवा ना.

"तू ठरव," त्या म्हणाल्या. "मला उठव आधी."

दुसरी सवय लेटरहेडची. चारही जुन्या संस्थांची उरलेली कोरी लेटरहेडं त्यांच्या कपाटात होती आणि नव्या कार्यालयाशी सगळा पत्रव्यवहार त्या थोरलीच्या लेटरहेडवर करत. अंधेरीहून उत्तर यायचं की या नावाची संस्था आता अस्तित्वात नाही, कृपया हे कागद वापरू नयेत. बाई त्याच कागदावर उत्तर लिहायच्या: आपले पत्र आमच्या पत्त्यावर मिळाले, आभारी आहोत.

मला वाटलं, सापडली आपली बाजू. चार लहान संस्था गिळून एक मोठं विद्यापीठ उभं राहतंय, आणि तळाशी एक म्हातारी एकटी झुंज देतेय. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी उठून एक फाइल काढली. तीत प्रत्येक विलीनीकरणाच्या वेळचा कर्मचाऱ्यांचा ठराव होता आणि प्रत्येकावर विलीनीकरणाच्या बाजूनं पहिली सही बाईंची होती.

"एकत्र आलो नसतो तर बंद पडलो असतो," त्या म्हणाल्या. "बंद पडलेलं माहेर काय कामाचं?"

मग तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या, मी विचारलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि डबा उघडला.

माहेर हा शब्द त्या अगदी शब्दशः वापरत होत्या. रेकॉर्ड रूमच्या शेजारी एक खोली होती. दोन पलंग, एक आरसा, खिडकीत तुळस नाही पण तुळशीसारखं वाढवलेलं मरव्याचं रोप. अनाथगृहात वाढलेल्या मुलींची लग्नं संस्था लावून देई, आणि पहिल्या बाळंतपणाला, नाताळला, नवऱ्याशी पटेनासं झालं तर, किंवा नुसतंच यावंसं वाटलं तर, मुलगी त्या खोलीत येऊन महिनाभर राहू शके. कारण विचारायचं नाही, असा नियम त्या दोन मिशनरी बायकांनी घातला होता. अनाथगृह बंद झालं. खोली राहिली. मुली म्हाताऱ्या झाल्या तरी येत होत्या. मी यायच्या आधीच्या वर्षी गोवंडीहून एक आजी आल्या, बारा दिवस झोपल्या आणि परत गेल्या. कारण विचारलं नाही, असं बाई म्हणाल्या, आणि मग दाबलेल्या आवाजात, "दिसत होतं."

नव्या विद्यापीठाच्या नकाशात त्या खोलीच्या जागी गुणवत्ता कक्ष होता.

बाईंचं मागणं एवढंच होतं की विलीनीकरणाच्या करारात एक कलम घाला: जुन्या रजिस्टरात जिथे जिथे पालक म्हणून संस्थेचं नाव आहे, तिथे तिथे ते पालकत्व विद्यापीठाकडे येईल, खोलीसकट. हे सांगायला त्या अंधेरीच्या बैठकीत गेल्या. मी बरोबर होते. समन्वयकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पूर्ण ऐकून घेतलं.

"बाई, मला कळतंय," ते म्हणाले. "पण हे इमोशनल झालं. सत्तर वर्षांच्या बायकांना गार्डियन कशाला लागतो?"

"तुमची आई कुठे असते?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे."

"तिला लागतो का?"

कलम पुढच्या बैठकीत घेऊ असं ठरलं. ते घेणार नव्हते हे त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्या दुपारी परत आल्यावर बाईंनी मला रजिस्टर दाखवलं. कापडी बांधणीचं, लांबट. रकाने आखलेले: मुलीचे नाव, गाव, ओळखीची खूण, पालकाचे नाव व पत्ता. एका पानावर ओळीनं अकरा मुली होत्या आणि अकरांच्याही समोर पालक म्हणून संस्थेचं नाव, एकाच हातानं, एकाच शाईनं. चौथं नाव बाईंचं. संस्थेत पन्नासएक वर्षं काढलेल्या या बाई त्याच अनाथगृहात वाढल्या हे चारही कॉलेजात कोणाला माहीत नव्हतं. त्यांच्या खुणेच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं होतं.

"सगळ्यांना काहीतरी आहे बघ," त्या बोट फिरवत म्हणाल्या. "हिच्या भुवईवर व्रण, हिच्या मानेला तीळ. माझी खूणच नाही. हरवले असते तर सापडले नसते."

मी विचारलं, पानाचा फोटो काढू?

पुढचं मी शंभर वेळा आठवून बघितलं आहे. त्या म्हणाल्या, "हवं तर काढ." त्यापुढे त्या काही म्हणाल्या का? मला वाटतं, त्यांनी रजिस्टर मिटताना काहीतरी म्हटलं. तेव्हा माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार होत होता आणि मी ऐकलं नाही.

मथळा होता: 'माहेर विकायला काढलं!' मी तीन दिवसांत पत्रक लिहिलं. आजोबांनी शिकवलेलं सगळं त्यात होतं. लहान वाक्यं, प्रश्नांवर प्रश्न, शत्रूला नाव. समन्वयकांना मी 'माहेरचा दलाल' म्हटलं. आणि पुराव्याशिवाय पत्रक म्हणजे शिवीगाळ, हेही आजोबांनीच शिकवलेलं, म्हणून मागच्या बाजूला रजिस्टरचं ते पान छापलं. अकरा नावं, गावं, खुणा. खाली 'विलीनीकरणविरोधी कृती समिती' असं टाकलं. समितीत मी एकटी होते. माझं नाव घातलं असतं तर करार रद्द झाला असता, आणि इतिहास अर्धवट राहिला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

एक हजार प्रती काढल्या. तिन्ही आवारांच्या फाटकांवर वाटल्या, मुलुंडच्या आणि घाटकोपरच्या बाजारात वाटल्या. घरी एक आणली. आजोबांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. मथळ्यावर मान हलवली, पसंतीची. मग मागची बाजू बराच वेळ धरून बसले.

"अकरा बायकांची नावा घातलंस," ते म्हणाले. "आणि तुझा नाव खंय आसा गो?"

मी म्हटलं, आजोबा, रणनीती असते.

त्यांनी चष्मा काढून ठेवला.

आता मला जे नीट सांगता येत नाही ते सांगते. पत्रक यशस्वी झालं. कॉलेजांत बोलणं सुरू झालं, जुन्या विद्यार्थिनींनी पत्रं लिहिली, मुलुंडच्या पाळकांनी उपासनेत विषय काढला. विद्यापीठाच्या उद्घाटनापूर्वी कोणालाच गडबड नको होती. दोन आठवड्यांत समन्वयकांनी स्वतः घाटकोपरला येऊन बाईंना कलमाचा मसुदा दिला. शब्द बाईंचेच होते. खोली नकाशात परत आली.

मी रेकॉर्ड रूममध्ये पेढे घेऊन गेले. बाईंनी पेढा घेतला, कागदात गुंडाळून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "शेजारच्या खोलीत चहा नेऊन दे. कपबशीतून दे, ग्लासातून नको."

शेजारच्या खोलीत पलंगावर एक आजी बसल्या होत्या. अडुसष्ट-सत्तरच्या, चापूनचोपून नेसलेल्या, पायाशी एक लहान बॅग. डाव्या भुवईवर जुना व्रण. मी चहा घेऊन दारातच थांबले.

त्या मुलुंडच्या. लग्न करून गेल्या ते घर हिंदू, बऱ्यापैकी, आणि तिथे एवढंच ठाऊक होतं की मुलीचे आईवडील लहानपणी गेले आणि एका शिक्षकांनी वाढवलं. नवऱ्याला खरं माहीत होतं, तो वारला. त्यांची नात अंधेरीच्या कॉमर्सला होती. तिनं फाटकावर मिळालेलं पत्रक घरी आणलं, जेवताना मोठ्यानं वाचलं, वाचता वाचता आजीसारखंच नाव आलं म्हणून हसली, आणि मग खूण वाचली. नातीनं काही वाईट मनात धरून केलं नव्हतं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी वर बघितलं, आजीच्या भुवईकडे. आजींनी जेवण संपवलं, हात धुतले आणि सकाळी बॅग भरली.

हे मला बाईंनी नंतर सांगितलं. त्या वेळी आजींनी माझ्या हातून कप घेतला आणि विचारलं, पत्रक तूच लिहिलंस का. मी हो म्हटलं.

"चांगलं लिहितेस," त्या म्हणाल्या. "माझं नाव कशाला घातलंस?"

मला उत्तरं येत होती. पुरावा, इतिहास, लाज त्यांची नसून समाजाची आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य मला आजही पटतं. मी कप परत घेतला आणि विसळला.

बाहेर आल्यावर बाईंना म्हटलं, बाई, मला रागवा.

त्या फाइलीला नाडी बांधत होत्या. "तुझ्यामुळे खोली राहिली," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्यामुळेच भरली. यात रागवायचं कुठल्या बाजूनं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तू ठरवत असशील तर सांग."

नवव्या दिवशी आजींचा मुलगा न्यायला आला. दोन दिवस आधीही येऊन गेला होता, तेव्हा आजींनी दार उघडलं नव्हतं. पन्नाशीचा माणूस, बँकेत अधिकारी. तो अंगणात घुटमळत होता. बाईंनी त्याला आत बोलावलं, रजिस्टर उघडलं आणि सांगितलं की जुनी पद्धत आहे, मुलगी नेणाऱ्यानं लिहून द्यायचं. नाव, पत्ता, आणि नीट सांभाळेन असं.

"बाई, ती माझी आई आहे," तो म्हणाला.

"असेल. आमची मुलगी आहे. सही करा."

त्यानं सही केली. मग पेन खाली ठेवताना, कोणाकडेच न बघता म्हणाला की आम्हाला आधी कळलं असतं तरी काय बिघडलं असतं. मला वाटलं, बघा, म्हणजे माझं बरोबर होतं. आणि लगेच त्याच्या मागून आजी बाहेर आल्या, पदर डोक्यावरून इतका पुढे ओढलेला की भुवई दिसू नये. त्यांना मी आधी तसा पदर घेतलेलं बघितलं नव्हतं.

बाईंचं नावही त्याच पानावर होतं. ते वाचून चारही कॉलेजांतली माणसं त्यांच्याशी अचानक हळू आवाजात बोलू लागली. कोणी केक आणला. बाई प्रत्येकाला गंभीरपणे विचारायच्या, "विद्यापीठाची पालकसभा कधी आहे? मला यायचंय, माझ्या प्रगतीबद्दल विचारायला." समोरचा हसायचा की नाही हे बघून त्या माणूस ओळखायच्या. पण ते नाव उघड झाल्याचं त्यांना बरं वाटलं की वाईट, हे मी विचारलं नाही. फोटो काढ म्हणाल्या तेव्हा त्यांना हेच हवं होतं का? त्यांनी मला वापरलं का? वापरलं असेल तर बाकीच्या दहांचं काय? या प्रश्नांवर माझी मतं आठवड्यागणिक बदलतात.

विद्यापीठ झालं. महिन्याभरातच, एका सोमवारी, उभ्या होत्या तिथून गुडघ्यांवर येताना बाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. घाटकोपरला चार इस्पितळं होती. बाईंनी हट्ट धरला की मला धाकटीकडे न्या. म्हणून ॲम्ब्युलन्सनं सगळं शहर आडवं कापून बोरिवलीला नेलं, जिथे आमच्या नर्सिंगच्या मुली काम करतात. ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म आला. नातेवाईक? बाईंनी पडल्या पडल्या विद्यापीठाचं पूर्ण नाव सांगितलं, कंस आणि स्वल्पविरामांसकट. नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी अंधेरीला फोन लावला.

समन्वयक एका तासात आले. रिक्षातून उतरले तेव्हा घामानं शर्ट भिजला होता. पेन हातात घेऊन फॉर्मवर थांबले.

"बाई, रुग्णाशी नातं काय लिहू?"

"करार तुम्ही केलाय. कलम बघा."

त्यांनी लिहिलं: पालक. सही केली. मग ऑपरेशन संपेपर्यंत ते बाकावर बसून राहिले, आणि मधे एकदा मला विचारलं की डिअर, तू काही खाल्लंस का. मी ज्याला माहेरचा दलाल म्हटलं होतं तो माणूस माझ्यासाठी सँडविच घेऊन आला. पत्रक कोणी लिहिलं हे त्यांना माहीत होतं का? असावं. त्यांनी तेव्हा दाखवलं नाही. त्यांना आता कुठल्या ओळीत लिहायचं, हे मला कळत नाही.

बरं वाटल्यावर बाई स्वतःच्या भाड्याच्या घरी गेल्या नाहीत. खोलीत गेल्या. दुसऱ्या पलंगावर, खिडकीकडच्या. कारण कोणी विचारलं नाही. पाचवा दाखला त्यांनी तिथेच बसून तयार केला, कुलगुरूंची सही आणवली आणि पिशवीत ठेवला. गेल्या वर्षी, दुपारच्या झोपेत, त्या गेल्या. दफनाला अंधेरीची माणसं उभी राहिली, मुलुंडच्यांनी मातीत गुडघे टेकले, आणि घाटकोपरच्या म्हाताऱ्या बायका शेजारच्या ओट्यावर बसल्या. मी काय करावं ते न कळून आधी उभी राहिले, मग बसले. मुलुंडच्या आजी आल्या होत्या, मुलाबरोबर. डोक्यावर पदर होता.

माझा करार केव्हाच संपला होता. इतिहासाची पुस्तिका दुसऱ्या कोणी लिहिली. गुळगुळीत कागदावर आहे, आणि तीत सगळ्या संस्था एकमेकींना आनंदानं मिळाल्या आहेत. समन्वयकांनी मला बोलावून एक गठ्ठा दिला. वर बाईंच्या अक्षरात 'पत्रकवालीसाठी'.

आत माझीच पत्रकं होती. फाटकावरच्या वॉचमननं मला मग सांगितलं की पत्रक निघाल्यापासून खुबा मोडेपर्यंत बाई आळीपाळीनं तिन्ही आवारांच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरापोरींना विचारायच्या, बाळ, तो कागद घरी आहे का, उद्या आणून देशील? मुलं आणून द्यायची. मला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

प्रत्येक प्रतीच्या मागच्या बाजूला दहा नावं, गावं आणि खुणा काळ्या शाईनं झाकलेल्या होत्या. रेषा मारून नव्हे. पट्टी लावून, कडेपर्यंत, खाली काय होतं ते उजेडात धरूनही दिसू नये अशा. चौथी ओळ तेवढी मोकळी. बाईंचं नाव, गाव, खूण नाही, पालक संस्था. आणि पुढच्या बाजूला, तळाशी, जिथे मी कृती समिती असं छापलं होतं, तिथे प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीनं एक लहान प्रश्नचिन्ह. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना बाई काढत असतील तसं.

गठ्ठ्यात हजारातली निम्मीसुद्धा पत्रकं नाहीत. बाकीची बाहेर आहेत. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीत, कोणाच्या रद्दीत, कोणाच्या फळीवर अंथरलेली, कोणाच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेली. माझं सगळ्या विषयावर मत असतं, या विषयावर नाही. आम्ही जिंकलो का, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की जे काम त्या करत होत्या ते अर्धं राहिलं आहे.

म्हणून विनंती. 'माहेर विकायला काढलं!' असं वर लिहिलेला कागद तुमच्या घरात सापडला, तर तो उलटा करा आणि नावं वाचू नका. वरून मोजत पट्टीनं दहा ओळी झाका, काळ्या शाईनं, कडेपर्यंत. चौथी तशीच राहू द्या. फोनवर त्या पानाचा फोटो कोणी पाठवला असेल तर पुसून टाका, आणि ज्यानं पाठवला त्यालाही सांगा. मग कागद सुलटा करून तळाशी जिथे समितीचं नाव आहे तिथे या लेखावर छापलेलं माझं नाव लिहा. पेननं लिहा.